माहीत नाही म्हणजे शून्य नव्हे

कल्पिता मेस्त्रीने त्या अहवालावर सही करायला नकार दिला, हे ऑफिसात सगळ्यांत आधी मला कळलं. अहवाल मीच लिहिला होता.

मी राधा. राहते बोरिवलीला, नोकरी साकीनाक्याला. आमची कंपनी चाळीसएक माणसांची. एका औद्योगिक वसाहतीत दुसरा मजला आमचा, खाली पत्रा कापणाऱ्याचा गाळा, बाजूला खोके बनवणारा. आम्ही नेटवर्कचं सॉफ्टवेअर बनवतो. एका केबलमधून आलेली माहिती बरोबर दुसऱ्या केबलमध्ये घालायची, या कामाला पूर्वी वेगळा डबा लागायचा, त्याला स्विच म्हणतात. आमचा प्रोग्रॅम तेच काम साध्या सर्व्हरवर करून देतो. त्याच्या माहितीपुस्तिका आणि अहवाल लिहिणं हे माझं काम. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, पण तो काय करतो हे मला चार माणसांना समजेल असं सांगता येतं.

कल्पिता आमच्या टेस्ट लॅबची प्रमुख. वय बेचाळीस. घाटकोपरला भटवाडीत आईबरोबर राहते. वडील दशरथ मेस्त्री मूळचे कणकवलीकडचे, गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्यालाच एका लेथवर लागले आणि तिथेच रिटायर झाले. कल्पिताने पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, पाच वर्षं कॉम्प्युटर जोडण्या-दुरुस्तीच्या दुकानात काढली आणि कंपनी चार माणसांची असताना इथे आली. आमचा मालक-मॅनेजर सुबोध आणि ती तेव्हापासून एकमेकांना अरे-तुरे करतात. लॅबमध्ये ती बसलेली मी फारशी पाहिली नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पेचकस आणि मान सर्व्हरच्या मागच्या बाजूला. इंजिनियर झालेली मुलंमुली तिच्याकडे नवीन प्रोग्रॅम घेऊन यायची तेव्हा जरा दबकून यायची, कारण ती एकच प्रश्न विचारायची, "आणि हे बिघडलं तर काय दिसेल?"

जी गोष्ट घडली ती समजायला मशीनबद्दल थोडं सांगावं लागेल.

मोठ्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाची मेमरी त्याच्या शेजारी असते. नेटवर्कचं कार्ड त्यांतल्या एकाच्या बाजूला जोडलेलं असतं. कार्डावर आलेली माहिती त्याच बाजूच्या प्रोसेसरने उचलली तर काम झटपट होतं, पलीकडच्याने उचलली तर थोडं सावकाश. म्हणून आमचा प्रोग्रॅम सुरू होताना मशीनला विचारतो, हे कार्ड कुठल्या बाजूला आहे? मशीन सांगतं, शून्य. किंवा सांगतं, एक. मग प्रोग्रॅम त्या बाजूचा एक कामगार त्या कार्डाला लावून देतो. कामगार हा शब्द आमच्या प्रोग्रॅममध्येच आहे. सारखं कार्डाकडे बघत राहायचं आणि आलेली माहिती उचलायची, एवढंच त्याचं काम.

काही मशीनना मात्र कार्ड कुठल्या बाजूला आहे ते माहीत नसतं. मशीन बनवणाऱ्याने ती माहिती आत भरलेलीच नसते. अशा वेळी उत्तर येतं, उणे एक. त्याचा अर्थ एवढाच, की मला माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी असं उत्तर पहिल्यांदा आलं तेव्हा आमचा प्रोग्रॅम धाडकन बंद पडला. उणे एक नावाची बाजू शोधायला गेला आणि नको त्या ठिकाणी हात घालून बसला. धवल आमचा मुख्य प्रोग्रॅमर, हुशार आणि भलताच वेगवान. त्याने अर्ध्या तासात एक ओळ टाकली. उत्तर शून्यापेक्षा कमी आलं तर शून्य समज. प्रोग्रॅम बंद पडायचा थांबला. सुबोधने मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या.

कल्पिता म्हणाली, "हे चुकीचं आहे."

"काय चुकीचं? चालतंय ना झकास?" सुबोध म्हणाला.

"मशीन म्हणतंय माहीत नाही. आपण म्हणतोय शून्य. कार्ड एक नंबरच्या बाजूला असलं तर?"

"तर थोडं स्लो चालेल. कोण मरतंय?"

"आणि शून्य नंबरच्या बाजूला एकही कामगार ठेवलेला नसला तर?"

यावर धवलने स्क्रीनवरून मान वर केली. मग म्हणाला, "यार, असं कोण कशाला ठेवेल? दोन्ही बाजूंना कामगार असतातच."

कल्पिताने त्याच दिवशी तक्रार नोंदवली. नोंदीत तिने लिहिलं होतं: माहीत नाही म्हणजे शून्य नव्हे. आठवड्याने सुबोधने ती नोंद 'तूर्त गरज नाही' असा शेरा मारून बंद केली. तिने परत उघडली. त्याने परत बंद केली. असं चार वेळा झालं. ऑफिसात तो एक विनोदच होऊन बसला होता. "कल्पिताचं उणे एक," म्हणून हसायचे सगळे. मीही हसले आहे.

मग मागच्या वर्षीच्या मार्चमधला एक सोमवार उजाडला.

मुलुंडच्या एका इस्पितळात आमचा प्रोग्रॅम चालतो. रविवारी त्यांनी जुने सर्व्हर काढून नवीन बसवले आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या आयटी विभागाच्या श्वेता मॅडमचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावर रुग्णांच्या खाटेशी जी यंत्रं असतात, नाडी, रक्तातला ऑक्सिजन वगैरे दाखवणारी, त्यांचे आकडे नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर येत नव्हते. बाकीचे मजले ठीक होते. सुबोधने कल्पिताला पाठवलं आणि पुढे कागदपत्रं लागतील म्हणून सोबत मला.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. श्वेता मॅडम आम्हाला थेट सर्व्हरच्या खोलीत घेऊन गेल्या. तिशीतली बाई, डोळ्यांखाली काळं, रविवारपासून घरी गेलेली नसावी. म्हणाल्या, "सगळे दिवे हिरवे आहेत. कुठेही एरर नाही. मी सर्व्हर विकणाऱ्या वेंडरला काय सांगू? सगळं बरोबर आहे आणि काहीच चालत नाही?"

कल्पिताने दिव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. की-बोर्ड ओढून घेतला आणि कुठल्या केबलला कुठला कामगार लावलाय त्याची यादी काढली. पहिल्या मजल्याच्या केबलसमोर कामगाराचा नंबर होता. दुसऱ्यासमोर होता, चौथ्यासमोर होता. तिसऱ्यासमोर जागा कोरी.

मग तिने तिसऱ्या मजल्याच्या मशीनला थेट विचारलं. हे कार्ड कुठल्या बाजूला? पडद्यावर उणे एक आलं. बाकीच्या मजल्यांच्या मशीनना आपापल्या कार्डाची बाजू माहीत होती.

"शून्य नंबरच्या बाजूला आपला एकही कामगार नाहीये," ती म्हणाली. "का ठेवला नाही?"

"ती बाजू आम्ही एक्स-रेच्या रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवलीय," श्वेता मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय ना, एक बाजू दुसऱ्या कामाला देता येते म्हणून."

ते वाक्य माझं होतं. लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं.

कल्पिताने तात्पुरता उपाय केला. श्वेता मॅडमना विचारून शून्य नंबरच्या बाजूला एक कामगार ठेवला. दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून फोन आला, आकडे दिसायला लागले. श्वेता मॅडमनी तिथल्या तिथे खुर्चीत बसून घेतलं.

आम्ही निघणार होतो, पण कल्पिता म्हणाली, मला वर जायचंय. वर रुक्मिणी सिस्टर होत्या. नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं उरलेल्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी सांगितलं की सकाळी सातला ड्यूटीवर आल्यापासून स्क्रीनवर 'जोडणी चालू आहे' एवढंच फिरत होतं. नवीन मशीन आहे, वेळ लागतो, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि मग चारही नर्सना खाटांवर फिरायला लावलं. पाच-पाच मिनिटांनी प्रत्येक खाट. त्या फेरीत कोपऱ्यातल्या बंद खोलीतल्या एका आजोबांचा ऑक्सिजन घसरलेला सापडला. खाटेजवळचं यंत्र वाजत होतं, पण दार बंद, बाहेर ऐकू येत नव्हतं. एरवी टेबलावरचा स्क्रीन ओरडला असता.

"आता कसे आहेत?" कल्पिताने विचारलं.

"चहा मागतायत. बिनसाखरेचा दिला म्हणून रागावलेत." मग सिस्टरनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "पण बाई, तुमचे दिवे म्हणे हिरवे होते."

"केबल जोडलेली होती म्हणून दिवा हिरवा होता. माहिती येत होती. उचलायला कोणी नव्हतं."

"म्हणजे फोन वाजतोय आणि टेबलावर माणूसच नाही."

"हो."

"आणि हे तुमच्या कॉम्प्युटरला कळत नव्हतं?"

कल्पिताने टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "कळत होतं, सिस्टर. मला माहीत नाही, असं मशीनने सांगितलं होतं. आम्ही ते ऐकून घेतलं नाही."



दुसऱ्या दिवशी सुबोधने मला अहवालाचा मसुदा करायला सांगितलं. काय लिहायचं तेही सांगितलं. 'ग्राहकाच्या नवीन सर्व्हरने कार्डाच्या स्थानाची आवश्यक माहिती न पुरवल्यामुळे तिसऱ्या मजल्याची जोडणी खंडित झाली.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून मी तो लिहिला. दोन सह्यांच्या जागा होत्या, पहिल्या पानावर व्यवस्थापनाची आणि शेवटच्या पानावर टेस्ट लॅब प्रमुखाची. इस्पितळाशी झालेल्या करारातच तसं होतं.

कल्पिताने वाचला, पेन उचललं नाही आणि कागद हातात घेऊन सुबोधच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच राहिलं होतं. बाहेर आम्ही सगळे की-बोर्डवर बोटं ठेवून नुसते बसून होतो.

"यावर मी सही करणार नाही."

"का? काय खोटं आहे यात?"

"अर्धं आहे. मशीनला माहीत नव्हतं, हे लिहिलंस. आपण शून्य समजलो, हे कुठाय? तिथे कामगार नाही हे आपल्या प्रोग्रॅमला दिसत होतं आणि तरी तो गप्प बसला, हे कुठाय?"

"कल्पिता, गुरुवारी दुसऱ्या ग्रुपला डेमो आहे. सहा इस्पितळं आहेत त्यांची. आपण लिहून द्यायचं, की आमच्यात दोष आहे?"

"आहे तर द्यायचं."

"जगात सगळे हेच करतात. उणे एक आलं की शून्य धरतात."

"धरू देत. मुलुंडला सिस्टर खाटा मोजत फिरत होती. तिला जाऊन सांग, की सगळे असंच करतात."

सुबोधचा आवाज चढला. तो वाईट माणूस नाही. आजारी माणसाला ऑफिसातून स्वतःच्या गाडीने घरी सोडणारा आहे. पण त्या दिवशी तो म्हणाला, "तू टेस्टिंगची आहेस. डिझाइनचं तू मला शिकवू नकोस. डिप्लोमावर लॅब दिली ना तुला, तेवढं सांभाळ."

मी मान खाली घातली. कल्पिताचा आवाज मात्र तसाच, एका पट्टीतला.

"डिप्लोमा आहे म्हणून तर सांगतेय. जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणायचं, एवढं तिथे शिकवलं होतं."

सोमवारपासून तिची बदली मानखुर्दच्या गोदामात झाली. ग्राहकांकडून परत आलेली, जुनी झालेली मशीनं तिथे पडून असतात. त्यांची यादी करायची आणि चिठ्ठ्या चिकटवायच्या. लॅबची किल्ली तिने स्वतःहून धवलच्या टेबलावर ठेवली. तो वर बघायलाही तयार नव्हता.

त्या रविवारी मी भटवाडीत तिच्या घरी गेले. तिची आई जानकीकाकू पाटावर बसून कोलंबी सोलत होती. मला वाटलं, आई लेकीची पाठ थोपटेल. पण काकू माझ्याकडेच वकिली करायला लागल्या.

"तू तरी सांग गो हिका. सही करून टाक म्हणान. लोका काय करतत? सगळी करतत. ह्या वयात नोकरी गेली तर दुसरी खय गावतली?"

"आये, नोकरी गेलेली नाय," कल्पिता गॅसपाशी उभी राहून म्हणाली.

"मानखुर्दाक पाठवल्यानी म्हणजे काय ता माका कळता. तुझ्या बापाशीक पण असाच एका खात्यातून दुसऱ्यात ढकलल्यानी होतो."

"मग बाबांनी काय केलं?"

"काय करतलो? गप बसलो. घर चालवूक होया होता."

"मला चालवायचंय ते चालतंय. मी गप बसणार नाय."

काकूंनी कोलंबीचं टरफल जरा जोरातच ताटलीत टाकलं. "डोक्या फिरलासा," एवढंच म्हणाल्या. तरी जेवताना सगळ्यांत मोठ्या कोलंब्या लेकीच्याच ताटात पडल्या, आणि पडताना बोलणी चालूच होती.

मानखुर्दच्या गोदामात कल्पिता नुसत्या चिठ्ठ्या चिकटवत बसली असती तर ती कल्पिता नव्हे. तिसऱ्या दिवशी तिने एक जुना सर्व्हर उभा करून वीज जोडली आणि त्याला विचारलं, कार्ड कुठल्या बाजूला? मग दुसरा सर्व्हर. मग तिसरा. यादी करायचीच होती, तर त्या यादीत तिने एक रकाना वाढवला. दोन आठवड्यांत अठ्ठावीस मशीनं झाली. त्यांतली नऊ उणे एक म्हणाली. चार वेगवेगळ्या कंपन्यांची होती, काही सात वर्षं जुनी, काही दोन. ही सगळी मशीनं कधी ना कधी आमच्या ग्राहकांकडे आमचा प्रोग्रॅम चालवत होती. नशिबाने प्रत्येक ठिकाणी शून्य नंबरच्या बाजूला कामगार होता, म्हणून बोंब झाली नव्हती.

तिने ती यादी सुबोधला आणि धवलला ईमेलने पाठवली. विषयाच्या जागी लिहिलं, 'मानखुर्द गोदाम: मागितलेली यादी'. सुबोधने उत्तर दिलं नाही.

दरम्यान अहवाल अडकला होता. इस्पितळ रोज मागत होतं आणि दुसरी सही नव्हती. सुबोध मला म्हणाला, "ती लॅबची ओळच काढून टाक. माझी एकट्याची सही पुरे." मी हो म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. ओळ निवडली, बोट बटणावर ठेवलं. मग उचललं. मी काही कल्पितासारखी नाही. मला भांडता येत नाही, घरी दोन लहान मुली आहेत. पण ती ओळ मी काढली नाही. टेस्ट लॅब प्रमुख, पुढे टिंबटिंब, पुढे कोरी जागा. तसाच अहवाल छापून मी पाकिटात घातला. सुबोधने घाईत शेवटचं पान पाहिलं नाही, वरच्या पानावर सही केली.

मुलुंडच्या मीटिंगला सुबोध, धवल आणि मी गेलो. समोर श्वेता मॅडम, त्यांच्या बाजूला रुक्मिणी सिस्टर. श्वेता मॅडमनी अहवाल सावकाश वाचला, शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "इथे लॅबची सही नाहीये."

सुबोधने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होते.

"त्या सध्या दुसऱ्या कामावर आहेत," तो म्हणाला.

"त्या दिवशी आल्या होत्या त्याच ना? त्यांना बोलवा. आम्ही थांबतो."

"तशी गरज नाही, मी सांगतो ना."

"मला एवढंच सांगा," श्वेता मॅडम म्हणाल्या, "उद्या चौथ्या मजल्याचं मशीन बदललं तर हे पुन्हा होईल की नाही?"

"तुम्ही मशीनची सेटिंग नीट करून घेतलीत तर नाही होणार."

"आणि नाही केली तर?"

सुबोध अहवालाची पानं चाळायला लागला. मग धवलने घसा साफ केला. मी त्याला सात वर्षं ओळखते. मीटिंगमध्ये त्याला कधी अडखळताना पाहिलं नव्हतं.

"होईल," तो म्हणाला. "ती ओळ माझी आहे, मॅडम. मशीन नाही माहीत म्हणतं, आम्ही शून्य लिहितो. कल्पिताने दोन वर्षं आधी सांगितलं होतं. आता तिने अठ्ठावीस मशीन चेक करून यादी पाठवलीय, नऊ तशीच आहेत. मी काल रात्री बसून सगळं परत करून बघितलं. ती बरोबर आहे."

सुबोधचा चेहरा उतरला. रुक्मिणी सिस्टर पहिल्यांदाच बोलल्या. "मग त्या बाईला गोदामात कशाला ठेवलीय?"

हे त्यांना कुठून कळलं, मला आजही माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

इस्पितळाने दुरुस्ती लेखी मागितली, आणि ती दुरुस्ती तपासून कल्पिता मेस्त्री यांची सही हवी, असं नाव घालून मागितलं. सुबोधने गाडीत बसल्यावर मला एकच विचारलं, "ती ओळ तू मुद्दाम ठेवलीस?" मी हो म्हणाले. त्याने गाडी सुरू केली. पुढे कधी तो विषय काढला नाही.

कल्पिताला फोन केला तर ती म्हणाली, येते, पण माझ्या दोन अटी आहेत. पहिली, दुरुस्ती कशी करायची ते धवल आणि मी ठरवणार. दुसरी, लॅबने हो म्हटल्याशिवाय यापुढे कुठलाही प्रोग्रॅम ग्राहकाकडे जाणार नाही, आणि हे लेखी हवं. सुबोध म्हणाला, दुसरी अट अशक्य आहे. ती म्हणाली, बरं, मी इकडे ठीक आहे, अजून अकरा मशीनं बाकी आहेत. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी त्याने लिहून दिलं.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. गोष्ट साधी होती. उणे एक आलं तर ते उणे एकच ठेवायचं, त्याचं काही दुसरं करायचं नाही. मग कामगार जिथे असतील तिथला, आळीपाळीने, एक त्या कार्डाला द्यायचा आणि मेमरीही त्या कामगाराच्या बाजूचीच घ्यायची. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, स्पष्ट लिहायचं, या कार्डाची बाजू माहीत नाही, अमुक कामगाराला दिलंय, थोडं सावकाश चालू शकतं. ज्याला खरी बाजू ठाऊक असेल त्याला ती हाताने सांगता यावी म्हणून एक सेटिंग. आणि कुठल्याच बाजूला कामगार नसेल, तर प्रोग्रॅमने सुरूच व्हायचं नाही, लाल अक्षरांत कारण सांगून थांबायचं.

सुबोध या शेवटच्यावर अडून बसला. "ग्राहकासमोर लाल अक्षरं? इमेजची वाट लागेल."

"लागू दे," कल्पिता म्हणाली. "लाल बघून माणूस फोन करतो. हिरवं बघून घरी जातो."

"पिवळं तरी कर."

"नाही."

धवल हसू दाबत होता. लाल राहिलं.

तपासणीसाठी तिने मानखुर्दची ती नऊ मशीनं साकीनाक्याला आणवली. खालचा पत्रेवाला वैतागला, कारण टेम्पो त्याच्या दारात लागला होता. नऊही मशीनवर तिने कामगार मुद्दाम चुकीच्या बाजूला ठेवले, सगळे काढून टाकले, एकेक परत लावला, कार्डं या खाचेतून त्या खाचेत हलवली. पलीकडच्या बाजूने उचलल्यावर वेग किती कमी होतो तेही मोजलं. काहींवर शंभरात दहाचा फरक पडला, काहींवर पंचवीसचा. पण माहिती एकाही ठिकाणी थांबली नाही. त्या आठवड्यात तिने दोनदा धवलचं काम नापास केलं. दुसऱ्या वेळी तो चिडून म्हणाला, "तू माणूस आहेस की मशीन?" तिने टॉर्च त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "मागून बघ. तिसरं कार्ड." तो मागे गेला, बघितलं आणि परत येऊन मुकाट बसला.

नवा अहवाल मीच लिहिला. त्यात सगळं होतं, आमची ओळ, बंद केलेली नोंद, चार वेळा बंद केल्याच्या तारखा. कल्पिताने तो दोनदा वाचला, एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली.

तो दुसरा ग्रुप, सहा इस्पितळांचा, हातचा गेला. दोष मान्य केल्यामुळे गेला की आणखी कशाने, कोणी सांगितलं नाही. सुबोध मात्र धरून चालतो की त्यामुळेच. तो कल्पिताशी कामापुरतं बोलतो. पूर्वी दुपारचा चहा दोघं एकत्र घ्यायचे, ते बंद झालं ते झालंच. तिला त्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. "वाटतं ना," ती म्हणाली. "पण त्याला वाटतं मी येऊन सॉरी म्हणावं. कशाबद्दल म्हणू?"

पावसाळा संपता संपता बोरिवलीच्या एका ग्राहकाचा फोन आला. त्यांनी मशीन बदललं होतं आणि लॉगमध्ये 'बाजू माहीत नाही' अशी ओळ दिसत होती, तर घाबरायचं काही आहे का? फोन मीच घेतला. काम थांबलंय का, असं विचारलं. नाही, सगळं चालू आहे, फक्त विचारतोय. मी त्यांना सेटिंग सांगितली. तीन मिनिटांचा फोन.

यंदाच्या एप्रिलमध्ये वार्षिक मुलाखती झाल्या तेव्हा आमच्या एचआरच्या नितेशने कल्पिताला बोलावलं. मी तिथेच कपाटातून फाइली काढत होते. नितेश नवा आहे, भला आहे, त्याला सगळ्यांचं नीट व्हावं असं वाटतं. त्याने तिच्या फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. 'वरिष्ठांच्या सूचनेचे पालन करण्यास नकार दिल्याबद्दल समज', खाली सुबोधची सही. मानखुर्दला पाठवलं त्या दिवसाची तारीख.

"मॅडम, हा असला कागद फाइलमध्ये चांगला दिसत नाही," तो म्हणाला. "मी सरांशी बोललोय. तुम्ही दोन ओळींची दिलगिरी लिहून द्या, मी हा काढून टाकतो. प्रमोशनला आड यायला नको."

कल्पिताने कागद उचलून शांतपणे वाचला.

"नकार दिल्याबद्दल," ती म्हणाली. "बरोबर लिहिलंय. दिला होता मी नकार."

"म्हणून तर म्हणतोय, दोन ओळी..."

"दिलगिरी नाही देणार. आणि हा काढायचा नाही. मला याची एक झेरॉक्स दे."

नितेशने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने झेरॉक्स काढून आणली. तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली, उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"मूळ कागद फाइलला परत लावलास ना रे?"

"लावतो, मॅडम."

"लाव. मी थांबते."

आणि तो पंच करून दोरीत ओवून होईपर्यंत ती दारात उभी राहिली.